छेदचित्रण, पशुवैद्यकीय

शरीराभोवती क्ष-किरणांची नलिका फिरवून निरनिराळ्या कोनांतून मापने घ्यावयाची व त्यांवरून संगणकाच्या साहाय्याने शरीराच्या आडव्या छेदाची प्रतिमा तयार करावयाची, या तंत्राला संगणकीय छेदचित्रण असे म्हणतात. व्यवहारात ते सीटी स्कॅन या संक्षिप्त नावाने परिचित आहे. प्रस्तुत नोंदीत कुत्रा व मांजर यांच्या रोगनिदानात या तंत्राचा उपयोग कसा सुरू झाला व वाढला याचा इतिहास दिला आहे. हे तंत्र मानवासाठी निर्माण झाले व पशुवैद्यकाने ते उसने घेतले. तथापि केवळ यंत्र उपलब्ध झाल्याने निदान सुलभ झाले नाही. प्राण्याला निश्चल ठेवण्याची सुरक्षित पद्धत, निरोगी प्राण्याच्या छेदांचे ज्ञान आणि आढळलेल्या विकृतीवर करता येण्याजोगे उपचार या तीन गोष्टी जसजशा साध्य होत गेल्या, तसतसे या तंत्राला पशुवैद्यकात स्थान मिळत गेले. पूर्वी जे शवपरीक्षेतच कळत असे, ते प्राणी जिवंत असताना कळू लागले, हे या इतिहासाचे सार होय.

पूर्वपीठिका : जर्मन भौतिकीविज्ञ व्हिल्हेल्म कोनराट राँटगेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लावला. पुढच्याच वर्षी बर्लिन येथील पशुवैद्यक विद्यालयातील रिखार्ट एबरलाइन यांनी घोड्याच्या पायाच्या खालच्या भागाची क्ष-किरण चित्रे घेतली. त्या काळी घोडा हा वाहतुकीचा व सैन्याचा आधार असल्याने पशुवैद्यकाचे लक्ष प्रथम त्याच्याकडे जाणे स्वाभाविक होते. कुत्रा व मांजर यांच्या रोगांकडे स्वतंत्रपणे पाहिले जाऊ लागले ते विसाव्या शतकात, शहरी घरांतून त्यांना कुटुंबातील घटकाचे स्थान मिळू लागल्यावर.

साधे क्ष-किरण चित्र म्हणजे वस्तुतः छाया होय. तीत पुढचे व मागचे अवयव एकमेकांवर पडतात. हाड मोडलेले असल्यास ते स्पष्ट दिसते. परंतु कवटीच्या आतील मेंदू, त्यातील अर्बुद किंवा रक्तस्राव यांच्या घनतांतील फरक इतका अल्प असतो की, हाडाच्या छायेत तो लोपून जातो. यावर उपाय म्हणून मेंदूतील पोकळ्यांत हवा भरून चित्र घेण्याची पद्धत अमेरिकन शस्त्रक्रियाविशारद वॉल्टर डँडी यांनी १९१८-१९ मध्ये मानवात सुरू केली. रक्तवाहिन्यांत किंवा मेरुरज्जूभोवतीच्या द्रवात क्ष-किरण अडविणारे द्रव्य टोचून चित्र घेण्याच्या पद्धतीही पुढे आल्या. कुत्र्यांतही या पद्धती वापरल्या गेल्या. त्यांपैकी मेरुरज्जूच्या चित्रणाची पद्धत उपयुक्त ठरून दीर्घकाळ टिकली. मेंदूच्या बाबतीत मात्र या पद्धती जोखमीच्या होत्या व त्यांनी मिळणारा पुरावा अप्रत्यक्ष असे.

परिणामी वयस्क कुत्र्याला प्रथमच झटके येऊ लागले, तो एकाच बाजूला गोलगोल फिरू लागला किंवा त्याचा स्वभाव पालटला, तर पशुवैद्याला लक्षणांवरून विकृतीच्या स्थानाचा तर्क करता येई. ती विकृती अर्बुद आहे, दाह आहे की रक्तस्राव, याचा उलगडा बहुधा मृत्यूनंतरच होई. अशा अनिश्चित स्थितीत अनेकदा केवळ तर्काच्या आधारे दयामरणाचा निर्णय घेतला जाई.

तंत्राचा उदय : एखाद्या वस्तूतून सर्व दिशांनी जाणाऱ्या रेषांवरील मापनांवरून त्या वस्तूची अंतर्रचना काढता येते, हे ऑस्ट्रियन गणितज्ञ योहान राडोन यांनी १९१७ मध्ये सिद्ध केले होते. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले भौतिकीविज्ञ ॲलन कॉरमॅक यांनी हाच प्रश्न १९५६ पासून स्वतंत्रपणे हाताळला व आपले निष्कर्ष १९६३ आणि १९६४ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांकडे त्या वेळी फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. प्रत्यक्ष यंत्र तयार केले ते इंग्लंडमधील इएमआय या कंपनीतील अभियंते गॉडफ्री हाउन्सफील्ड यांनी. त्यांच्या प्रायोगिक उपकरणात प्रथम गॅमा किरणांचा उद्‍गम वापरलेला होता व एका वस्तूच्या मापनास ९ दिवस लागत. क्ष-किरण नलिका बसविल्यावर हा काळ ९ तासांवर आला.

या प्रयोगांत प्राण्यांचाही वाटा आहे. हाउन्सफील्ड यांनी प्रथम औषधी द्रवात जतन केलेल्या मानवी मेंदूचे छेद घेतले. परंतु जतनासाठी वापरलेल्या फॉर्मॅलिनामुळे ऊतकांतील फरक वास्तवापेक्षा ठळक दिसत असल्याचे लक्षात आले. म्हणून पडताळणीसाठी बैलांचे ताजे मेंदू आणण्यात आले. त्यांत फरक काहीसे फिके दिसले, तरी मेंदूची रचना ओळखता येते हे निश्चित झाले. मानवी रुग्णाचे पहिले छेदचित्रण १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील ॲट्‌किन्सन मॉर्लीज रुग्णालयात जेम्स ॲम्ब्रोझ यांच्या देखरेखीखाली झाले. संपूर्ण शरीराचे छेद घेणारे यंत्र अमेरिकेतील रॉबर्ट लेडली यांनी त्यानंतर थोड्याच वर्षांत सिद्ध केले. कॉरमॅक व हाउन्सफील्ड यांना १९७९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

पहिल्या यंत्रात नलिका एकेका अंशाने १८० वेळा फिरवून प्रत्येक स्थितीत १६० मापने, म्हणजे एकूण २८,८०० मापने घेतली जात. प्रतिमा ८० × ८० चौकोनांची असे. प्रत्येक चौकोनाला मिळणारा घनतेचा अंक आता हाउन्सफील्ड एकक या नावाने ओळखला जातो. या मापनश्रेणीत पाण्याचा अंक शून्य व हवेचा –१,००० असतो. चरबीचा अंक –१०० च्या आसपास, तर दाट हाडाचा +१,००० किंवा त्याहून अधिक असतो. छायेऐवजी अंक मिळू लागणे हा या तंत्रातील मूलभूत बदल होय.

पशुवैद्यकातील प्रवेश : मानवासाठी बनविलेले हे यंत्र लहान प्राण्यांना जसेच्या तसे उपयोगी पडणारे नव्हते. प्रारंभीच्या यंत्रातील एक चौकोन सुमारे ३ मिमी. बाजूचा व छेद सुमारे १३ मिमी. जाडीचा असे. मांजराचा मेंदू सुमारे ३० ग्रॅम वजनाचा असतो. अशा जाडीचे जेमतेम चार छेद घेताच तो संपून जाई. शिवाय यंत्रे थोडी, महाग व मानवी रुग्णांसाठी गुंतलेली होती. म्हणून पशुवैद्यकातील पहिली चित्रणे बहुतांशी मानवी रुग्णालयांतील किंवा संशोधन संस्थांतील यंत्रांवर, ती मोकळी असतील त्या वेळी झाली.

कुत्र्यांत आपोआप उद्‍भवलेल्या अर्बुदांच्या छेदचित्रणाविषयीचे लेख १९८० पासून प्रसिद्ध होऊ लागले. कॅलिफोर्नियातील फाइक, ल कूटर व कॅन या संशोधकांनी १९८१ मध्ये कुत्र्याच्या मेंदूची सामान्य रचना आणि कवटीच्या पुढील, मधल्या व मागील भागांतील अर्बुदे यांवर लेख प्रसिद्ध केले. कवटीच्या मागील भागाचा स्वतंत्र विचार करावा लागला याला भौतिकीय कारण आहे. तेथे लहान मेंदू व मस्तिष्कस्तंभ यांच्या दोन्ही बाजूंना कानाजवळचे अतिशय दाट हाड असते. क्ष-किरणांतील सौम्य किरण त्यात शोषले जाऊन प्रतिमेत काळे पट्टे उमटतात व नेमका तोच भाग झाकला जातो.

पन्नास कुत्र्यांच्या मेंदूतील अर्बुदांचा आढावा १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. शिरेवाटे आयोडीनयुक्त द्रव्य दिल्यावर मेंदूच्या आवरणापासून निघालेली अर्बुदे कडेला, रुंद तळाची व सर्वत्र सारखी उजळलेली दिसतात. पोष ग्रंथीची अर्बुदे त्यांच्या स्थानावरून ओळखता येतात. परंतु मेंदूच्या आधार ऊतकापासून झालेल्या अर्बुदांचे प्रकार एकमेकांपासून खात्रीने वेगळे करता येत नाहीत, असे त्यातून दिसून आले. प्रतिमा विकृतीचे स्थान व आकार सांगते, तिची जात मात्र नेहमीच सांगत नाही, ही मर्यादा अशा रीतीने आरंभीच स्पष्ट झाली. ती भरून काढण्यासाठी छेदचित्राच्या आधारे सुईची दिशा ठरवून मेंदूतील ऊतकाचा कण काढण्याची पद्धत विकसित झाली. ५० कुत्र्यांवरील तिचा अनुभव १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला.

निश्चलतेचा प्रश्न : मानवी रुग्णाला ‘श्वास रोखा, हलू नका’ असे सांगता येते, प्राण्याला सांगता येत नाही. किरणोत्सर्गामुळे त्याला धरून ठेवण्यासाठी कोणी खोलीत थांबणेही इष्ट नसते. त्यामुळे छेदचित्रणासाठी प्राण्याला संपूर्ण शुद्धिहरण द्यावे लागे व मेंदूत दाब वाढलेल्या किंवा श्वास लागलेल्या प्राण्याच्या बाबतीत तेच धोक्याचे ठरे. एकेका छेदासाठी काही मिनिटे लागत असताना हा धोका मोठा होता.

प्राणी ठेवलेला मंच सतत पुढे सरकत असताना नलिकाही सतत फिरत राहील अशी सर्पिल पद्धत जर्मन भौतिकीविज्ञ व्हिली कालेंडर यांनी १९८९ मध्ये मांडली. १९९८ च्या सुमारास एकाच फेरीत चार छेद घेणारी यंत्रे आली व पुढे छेदांची संख्या वाढत गेली. संपूर्ण छातीचे चित्रण काही सेकंदांत होऊ लागल्याने अनेक प्राण्यांत केवळ गुंगीचे औषध पुरेसे ठरू लागले. धाप लागलेल्या मांजरांना पारदर्शक प्लॅस्टिकच्या बंदिस्त कक्षात ठेवून, प्राणवायू देत, कोणतेही औषध न देता छातीचे छेदचित्रण करता येते, हे अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये दाखविले. शुद्धिहरण ज्याला सोसवणार नाही, अशा अत्यवस्थ प्राण्यालाही या तंत्राचा लाभ त्यामुळे मिळू शकला.

सामान्य रचनेचे ज्ञान : विकृत काय हे ओळखण्यासाठी प्रकृत काय हे माहीत असावे लागते. कुत्र्याच्या बाबतीत हे काम विशेष कठीण आहे. कारण चपट्या तोंडाचा पग व लांब मुस्कटाचा कोली यांच्या कवट्या एकाच जातीच्या प्राण्यांच्या वाटू नयेत इतक्या भिन्न असतात. मध्यम लांबीच्या कवटीच्या कुत्र्याचे डोके व मान यांच्या छेदांचा व्यवच्छेदीय चित्रसंग्रह जॉर्ज व स्मॉलवुड यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे छाती व उदर यांचेही असे संग्रह तयार झाले. यंत्राच्या शोधाइतका गाजावाजा अशा कामाचा होत नाही. परंतु दैनंदिन निदानाचा पाया त्यानेच घातला.

उपचारांशी सांगड : निदानाला अर्थ येतो तो उपचारांमुळे. मांजराच्या मेंदूतील अर्बुदांपैकी आवरणापासून होणारे अर्बुद सर्वांत अधिक आढळते. ते सामान्यतः सावकाश वाढते व मेंदूपासून बरेचसे सुटे असते. स्थान आधी समजल्यास शस्त्रक्रियेने ते काढता येते. अशा ४२ मांजरांवरील शस्त्रक्रियांचा वृत्तांत १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार सुमारे निम्मी मांजरे दोन वर्षांनंतरही हयात होती. पूर्वीच्या काळी यांपैकी बहुतेकांच्या आजाराचे नावही कळले नसते.

पोष ग्रंथीच्या अर्बुदामुळे कुत्र्याला अतितहान, पोट सुटणे व केस गळणे अशा लक्षणांचा कुशिंग रोग होतो. नेदर्लंड्समधील उट्रेख्ट विद्यापीठात १९९० नंतरच्या दशकात छेदचित्रावरून ग्रंथीचे नेमके स्थान ठरवून ती तोंडावाटे काढण्याची शस्त्रक्रिया प्रस्थापित झाली. किरणोपचारात किरणांचा मारा अर्बुदावरच व्हावा व सभोवतीचा निरोगी भाग वाचावा यासाठी लागणारे आखणीचे कामही छेदचित्रावरून होऊ लागले.

मेंदूपलीकडील उपयोग : अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनावर आधारित चित्रण (एमआरआय) उपलब्ध झाल्यावर मेंदू व मेरुरज्जू यांच्या मृदू ऊतकांसाठी त्याला पसंती मिळाली. तथापि हाड, हवा व रक्तवाहिन्या जेथे महत्त्वाच्या असतात तेथे छेदचित्रणाचे महत्त्व टिकून राहिले. नाकातील अर्बुद किंवा बुरशीचा संसर्ग, मांजराच्या मध्यकर्णातून घशाकडे वाढणारे मांसांकुर, कुत्र्याच्या कोपराच्या सांध्यातील तुटलेला हाडाचा कण, ही त्याची ठळक उदाहरणे होत. डॅक्सहुंडसारख्या आखूड पायांच्या कुत्र्यांत मणक्यांमधील चकतीत कॅल्शियम साचून ती अचानक सरकते व मागचे पाय लुळे पडतात. अशी चुनखडीयुक्त चकती मेरुरज्जूभोवती कोणतेही द्रव्य न टोचता छेदचित्रात दिसते. आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या नीलेतील जन्मजात आडवाटही शस्त्रक्रियेपूर्वी तीन मितींत पाहता येते.

कर्करोग फुप्फुसांत पसरला आहे किंवा नाही या प्रश्नाचे उत्तर उपचारांची दिशाच बदलते. या संदर्भात २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कुत्र्यांवरील अभ्यासात, छेदचित्रणात दिसलेल्या फुप्फुसांतील गाठींपैकी केवळ ९ टक्के गाठी साध्या क्ष-किरण चित्रांत ओळखता आल्या. साध्या चित्रावरून ‘छाती स्वच्छ’ असा निर्वाळा देणे किती अपुरे असू शकते, हे यावरून लक्षात येते.

मर्यादा : छेदचित्रणातील किरणमात्रा साध्या क्ष-किरण चित्रणापेक्षा बरीच अधिक असते. यंत्राची किंमत, देखभाल व प्रतिमा वाचणाऱ्या तज्ञांची गरज यांमुळे ही सेवा मुख्यतः विद्यापीठे व मोठ्या शहरांतील रुग्णालये यांपुरती राहते. भारतातही हीच स्थिती आहे. मानवी आरोग्यसेवेप्रमाणे येथे खर्चाचा भार वाटून घेणारी व्यवस्था बहुतेक देशांत नसल्याने निदान करावे किंवा नाही हा निर्णय मालकाच्या ऐपतीशी निगडित राहतो.

छेदचित्रामुळे दयामरणाचा प्रश्न मिटलेला नाही. त्याचे स्वरूप मात्र बदलले आहे. प्रतिमेत असाध्य विकृती आढळल्यास प्राण्याला शुद्धीवर आणण्यापूर्वीच मालकाची संमती घेऊन त्याचे जीवन संपविले जाते, असेही प्रसंग येतात. परंतु ज्याच्या मेंदूत काढता येण्याजोगे अर्बुद आहे आणि ज्याच्या मेंदूत ते नाही, त्या दोघांतील भेद पूर्वी मृत्यूनंतर कळे. तो आता निर्णयापूर्वी कळतो. बैलाच्या मेंदूवर पडताळून पाहिलेले हे तंत्र मानवाची सेवा करून पुन्हा प्राण्यांकडे आले, त्याचे खरे मोल या वेळेवर मिळालेल्या ज्ञानात आहे.