अलिप्ततेचें मोल

अलिप्तता म्हणजे दोन भांडणाऱ्यांपासून दूर, स्वस्थ बसणें, अशी पुष्कळांची समजूत असते. नुसत्या स्वस्थपणास फारसें मोल द्यावें लागत नाहीं, हें खरें. परंतु दरिद्री राष्ट्रानें बरेंवाईट आपल्या बुद्धीनें ठरवावयाचें म्हटलें तर तें किती महाग पडतें, हें पाहावयाचें असल्यास पूर्व आफ्रिकेंतील टांझानियाच्या इतिहासाकडे वळावें.

टांगानिका ९ डिसेंबर १९६१ रोजीं स्वतंत्र झाला. १९६४ च्या एप्रिलांत झांजीबारशीं त्याचें ऐक्य होऊन टांझानिया उदयास आला. ज्यूलियस न्येरेरे हे त्याचे अध्यक्ष. झांजीबारनें ऐक्यापूर्वींच पूर्व जर्मनीस मान्यता दिली होती, आणि अशी मान्यता देणाऱ्याशीं संबंध ठेवावयाचा नाहीं, हा पश्चिम जर्मनीचा बाणा. न्येरेरे यांनीं मध्यम मार्ग काढिला: पूर्व जर्मनीची पूर्ण वकिलात नको, दारेसलाम येथें केवळ कॉन्सलची कचेरी असावी. तेवढ्यानेंही रुष्ट होऊन १९६५ सालीं पश्चिम जर्मनीनें लष्करी मदत काढून घेतली. तेव्हां न्येरेरे यांनीं त्या सरकारास कळविलें कीं, उरलेली मदतही आम्हांस नको!

त्याच वर्षीं दुसरी कसोटी आली. ११ नोव्हेंबर रोजीं ऱ्होडेशियांतील मूठभर गोऱ्यांनीं ब्रिटनला झुगारून स्वातंत्र्य पुकारलें. हें बंड ब्रिटननें १५ डिसेंबरपर्यंत न मोडल्यास त्याच्याशीं संबंध तोडावे, असा आफ्रिकी ऐक्य संघटनेंत ठराव झाला. ठराव करणारे पुष्कळ, पाळणारे थोडे! टांझानियानें तो पाळला, आणि ७५ लक्ष पौंडांच्या ब्रिटिश कर्जावर पाणी सोडलें.

शेजारच्या झांबियाचें तांबें ऱ्होडेशियांतून समुद्राकडे जात असे. त्यास दुसरी वाट हवी होती. परंतु पाश्चात्त्यांनीं रेल्वेसाठीं पैसा देण्याचें नाकारलें. १९६७ सालीं चीननें तें काम पत्करलें, आणि बिनव्याजी कर्जानें बांधलेला १८६० किलोमीटरांचा लोहमार्ग १९७६ सालीं चालू झाला. टांझानिया चीनच्या गोटांत गेला, अशी ओरड झाली. पण त्याच दिशेनें जाणाऱ्या सडकेसाठीं त्यानें अमेरिकेचीही मदत घेतली होती. आणि १९६८ सालीं सोव्हिएट रणगाडे चेकोस्लोव्हाकियांत शिरले तेव्हां त्यांचा निषेधही केला होता. जो सर्वांकडून घेतो आणि कोणाचेंही ऐकत नाहीं, तो कोणत्या गोटांतला म्हणावा?

परंतु एक शल्य उरतेंच. परक्यांच्या पैशावर विसंबूं नये, असें १९६७ च्या अरुशा घोषणेनें बजावलें होतें. तरी परकी मदतीचें ओझें वाढतच गेलें. पुढें तेल महागलें, १९७८-७९ सालीं युगांडाच्या इदी अमीनशीं युद्ध करावें लागलें, शेती मागें पडली. न्येरेरे १९८५ सालीं अध्यक्षपदावरून उतरले, आणि दुसऱ्याच वर्षीं त्यांच्या वारसास आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटी मान्य कराव्या लागल्या.

यावरून अलिप्ततेचें तें धोरणच व्यर्थ ठरलें, असें आम्ही म्हणणार नाहीं. १९८० सालीं ऱ्होडेशियाचें झिंबाब्वे झालें, त्यांत या दरिद्री शेजाऱ्याच्या स्वार्थत्यागाचा वांटा आहे. मात्र मोठ्यांस ‘नाहीं’ म्हणण्याचें धैर्य एका पुरुषाच्या अंगीं असूं शकतें; तें पिढ्यानपिढ्या टिकावयाचें तर राष्ट्राच्या कणगींत धान्यच असावें लागतें.