हलक्या घरगुती स्पोर्ट्स कारचं फ्रंट सस्पेन्शन: कोणते पार्ट निवडायचे?

घरी बांधलेल्या छोट्या स्पोर्ट्स कारचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील. ब्रिटनमध्ये या छंदातली एक प्रसिद्ध गाडी म्हणजे १९५७ ची 'लोटस सेव्हन'. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांचं पुस्तक आलं आणि जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे पार्ट वापरून तशीच 'लोकॉस्ट' गाडी बांधायची लाटच आली. आज आपण तिच्या पुढच्या सस्पेन्शनबद्दल जाणून घेऊया. मी ज्या क्रमाने पार्ट निवडायला सांगतो, तोच क्रम इथे देतोय.

१. आधी अपराइट
चाकाचं बेअरिंग आणि ब्रेक ज्यावर बसतात तो हा भाग. तो ठरला की बॉल जॉइंट, ब्रेक आणि रिम आपोआप ठरतात. एस्कॉर्टला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, त्यामुळे तिचा अपराइट दोन आर्मच्या रचनेत सरळ बसत नाही. म्हणून लोकॉस्टवाले कॉर्टिना मार्क ३ ते ५ चा अपराइट घेतात, कारण त्या गाडीला मुळातच डबल विशबोन होतं. रिमला ४ बोल्ट, १०८ मिमी पीसीडी. तोटा एकच, तो वजनाला जड आहे.

२. आर्म आणि जॉइंट
आतल्या बाजूला रबर किंवा पॉलियुरेथेन बुश चालतो. बाहेरच्या खालच्या टोकाला मात्र बॉल जॉइंटच घ्या. तिथे आट्यांचा रॉड एंड लावला आणि त्यावर वाकवणारा ताण आला, तर तो आट्यांपाशी तुटू शकतो. चालत्या गाडीचं चाक कोलमडलं तर जीवावर बेतेल. इथे पैसे वाचवू नका.

३. स्प्रिंग
मोठ्या गाडीची स्प्रिंग इथे दगडासारखी कडक लागते. साधा हिशोब बघा. ड्रायव्हरसह गाडी ६२० किलो, म्हणजे एका चाकावर साधारण १५५. चाक, ब्रेक वगैरेचे ३० वजा करा, राहिले १२५ किलो. १.८ हर्ट्झची चाल हवी असेल तर चाकापाशी सुमारे १६ न्यूटन प्रति मिमी कडकपणा लागतो. पण शॉकअप तिरका आणि आत बसतो. समजा चाक १० मिमी वर गेल्यावर स्प्रिंग ७ मिमी दबते. मग १६ ला ०.७ ने नाही, तर ०.७ च्या वर्गाने, म्हणजे ०.४९ ने भागायचं. उत्तर येतं सुमारे ३३. बरेच जण वर्ग करायचं विसरतात आणि मऊ स्प्रिंग घेऊन बसतात. शॉकअपसुद्धा याच स्प्रिंगला जुळणारा घ्या.

४. स्टीअरिंग रॅक
रॅकची लांबी आणि उंची आर्मच्या आतल्या पिव्हटशी जुळली नाही, तर खड्ड्यात गेल्यावर चाक आपोआप वळतं. यालाच बंप स्टीअर म्हणतात. वेल्डिंगआधी स्प्रिंग काढा, चाक हाताने वरखाली करा आणि टो किती बदलतो ते मोजा.

हे आपल्या काय कामाचं?
ब्रिटनमध्ये अशी एकेकटी गाडी आयव्हीए चाचणी पास करून रस्त्यावर येते. आपल्याकडे हे ज्ञान वापरायची चांगली जागा म्हणजे इंजिनीअरिंगच्या मुलांच्या बाजा आणि सुप्रा स्पर्धा. पार्ट वेगळे असतील, पण क्रम हाच ठेवा: अपराइट, जॉइंट, स्प्रिंग, रॅक. आणि भंगारातून आणलेला अपराइट तडा तपासल्याशिवाय गाडीला लावूच नका!