ओटीपोटावरचा शेक : त्रास लपवू नका, वेळेत सांगा

गर्भाशयाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये अनेकदा ओटीपोटावर रेडिएशन द्यावे लागते. आपल्याकडे त्याला ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात. कॅन्सर हा शब्द आता घरात उच्चारला जातो. पण जुलाब, लघवीची जळजळ, अंगावरून जाणे या गोष्टी अम्मी मुलीला सांगत नाही आणि बायको शौहरला सांगत नाही. ‘परद्याची गोष्ट’ म्हणून गप्प राहिले की साधा त्रास वाढतो, कधी उपचार मध्येच थांबतो. म्हणून आम्ही ही माहिती देत आहोत.

उपचार कसा असतो?

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये बाहेरून शेक साधारण ५ आठवडे, आठवड्यातून ५ दिवस असतो. सोबत बहुधा आठवड्याला एकदा केमो असते. त्यानंतर योनीमार्गातून आतला शेक, म्हणजे ब्रॅकीथेरपी, दिली जाते. बाहेरून शेक घेतल्यावर अंगात किरणे राहत नाहीत. मुलांना जवळ घ्या, एकत्र जेवा. हा आजार शिवल्याने पसरत नाही, म्हणून भांडी वेगळी करू नका.

जुलाब आणि जेवण

जुलाब बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतात. तेव्हा मऊ भात, पेज, मुगाची पातळ खिचडी, केळे, ताक असे थोडे थोडे खावे. तिखट सालन, तळलेले, कच्च्या भाज्या आणि सालीसकट डाळी काही दिवस बंद. दुधाने त्रास वाढत असेल तर तेही थांबवा. ओआरएस घ्या. जुलाब थांबवणारी गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

त्वचा आणि लघवी

वारंवार इस्तिंजामुळे सोललेली त्वचा चुरचुरते. कोमट पाणी हलकेच वापरा, मऊ सुती कापडाने टिपून घ्या, घासू नका. वासाचा साबण, पावडर, गरम पाण्याची पिशवी टाळा. सैल सुती कपडे घाला. अंगावर काढलेल्या खुणा पुसू नका. लघवीला जळजळ असेल तर पाणी भरपूर प्या आणि डॉक्टरांना सांगा, कारण संसर्गही असू शकतो. मिश्री, तंबाखू, बिडी बंद करा. त्याने त्रास वाढतो.

नमाज आणि रोजा

आजारपणात रोजा सोडण्याची सवलत आहे. उपचार चालू असताना जिद्दीने रोजा धरून शरीरातले पाणी कमी करू नका. थकवा असेल तर बसून नमाज होते. लघवी गळत असेल किंवा अंगावरून जात असेल तर अशा माजूर व्यक्तीसाठी वुजूच्या वेगळ्या सवलती आहेत. आपल्या मसलकच्या आलिमांना किंवा आलिमांना विचारता येत नसेल तर आलिमाला विचारा. यात लाज नाही.

मियाँ-बीवीने एकत्र समजून घ्यावे

शेकानंतर योनीमार्ग कोरडा आणि अरुंद होऊ शकतो. त्यासाठी डायलेटर नावाचे नळीसारखे साधन असते. ते कधीपासून आणि कसे वापरायचे हे डॉक्टर किंवा नर्स सांगतात. तपासणी नीट व्हावी म्हणूनही ते लागते, त्यामुळे लग्न न झालेल्या किंवा विधवा बाईलाही उपयोगी आहे. संबंध डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच ठेवावेत. दुखले तर पाण्यात विरघळणारे जेल मिळते. पाळी बंद होऊन अंगातून वाफा निघणे, चिडचिड होणे हेही होते. तो बाईचा तुसडेपणा नाही, उपचाराचा परिणाम आहे. शौहरने हे ओळखावे.

महिन्यांनी, वर्षांनीही

काही त्रास उशिरा दिसतात : शौचातून किंवा लघवीतून रक्त, पाय सुजणे, कंबरेची किंवा खुब्याची हाडे दुखणे. रक्त दिसले की मूळव्याध समजून घरगुती इलाज करू नका. कोणत्याही नव्या डॉक्टरला ‘ओटीपोटावर शेक घेतला आहे’ हे आधी सांगा. फाईल कायम जपून ठेवा.

ताबडतोब दवाखान्यात कधी जावे?

• ताप १००.४ फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त
• जुलाब थांबत नाहीत, पाणीही पोटात राहत नाही
• जास्त रक्तस्राव
• लघवी अडणे किंवा पोटात तीव्र कळा

तपासणीला घरातली एक विश्वासाची बाई सोबत असू द्या. त्रासाची यादी कागदावर लिहून न्या. तोंडाने सांगायला लाज वाटली तर तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या. दुआ तर करायचीच आहे, पण दवाही वेळेवर पोहोचली पाहिजे.