चोकवरील पत्ता

जुन्या सरकारी इमारतीची दुरुस्ती निघाली म्हणजे व्हरांड्यात जो पहिला ढीग पडतो तो बहुधा दिव्यांचा असतो. गेल्या काही वर्षांत देशातील असंख्य कचेऱ्यांतून ट्यूबलाइट उतरल्या व त्यांच्या जागी एलईडी दिवे बसले. विजेची बचत ध्यानात घेता त्यात वावगे काहीच नाही. परंतु उतरविलेल्या सामानाच्या यादीत ‘ट्यूबलाइट फिटिंग, जुनी, निरुपयोगी, नग ६२’ एवढी एकच ओळ पडते. आणि स्वातंत्र्याच्या सुमारास विलायतेहून आलेली पट्टी व १९९५ साली कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेली पट्टी या दोहोंस ती एकाच भावाने भंगारात घालते. प्रस्तुत लेखकाने असा एक ढीग दोन दिवस बसून निवडला. त्यात निदान चार पिढ्यांचे दिवे निघाले. ही निवड कशी करावयाची हे कळण्यास या दिव्याची कुळकथा आधी पाहावी लागते, कारण प्रत्येक पिढीने आपली खूण फिटिंगवर ठेवलेली आहे.

विरळ वायूने भरलेल्या काचनळीतून वीज सोडली असता ती उजळते, हे बॉन येथील काचकारागीर गाइस्लर याने १८५७ च्या सुमारास दाखविले. अदृश्य किरण पिऊन दृश्य प्रकाश टाकणारी द्रव्ये अशा नळीत घालून पाहण्याचा उद्योग फ्रान्समध्ये एदमाँ बेकरेल याने त्याच काळात केला. पण प्रयोगशाळेतून कचेरीच्या छतापर्यंत यावयास त्या नळीला ऐंशी वर्षे लागली. १९०१ साली अमेरिकेत कूपर ह्युइट याने पाऱ्याच्या वाफेचा दिवा केला. तो विजेच्या मानाने भरपूर प्रकाश देई. परंतु तो प्रकाश असा निळसर हिरवा असे की, त्यात माणसाच्या चेहऱ्यावरची लाली पार मावळे. त्यामुळे तो कारखाने व छायाचित्रकार यांच्यापुरताच राहिला. १९२६ मध्ये जर्मनीत एडमंड गेर्मर व त्याचे दोन सहकारी यांनी, पाऱ्याच्या वाफेतून निघणारे जंबुपार किरण नळीच्या आतील भुकटीच्या लेपावर पाडून पांढरा प्रकाश मिळविण्याचे पेटंट मागितले. पुढे १९३४ मध्ये पदार्थवैज्ञानिक आर्थर कॉम्प्टन यांनी इंग्लंडात अशी एक हिरवी नळी पाहिली व अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीस तसे कळविले. जॉर्ज इन्मन याच्या हाताखालील मंडळी कामास लागली. एप्रिल १९३८ मध्ये नळी विक्रीस आली आणि १९३९ च्या न्यूयॉर्क येथील जागतिक प्रदर्शनात ती लाखो लोकांनी पाहिली.

गंमत अशी की, या काटकसरी दिव्याची सर्वांत अधिक धास्ती घेतली ती वीज विकणाऱ्या कंपन्यांनी. तोच प्रकाश कमी विजेत मिळू लागला तर त्यांचा गल्ला घटावयाचा! म्हणून ‘वीज वाचवा’ असे न म्हणता ‘प्रकाश वाढवा’ असे म्हणत हा दिवा विकला जावा, असा आग्रह त्यांनी धरला. कचेऱ्यांच्या छतांवर पुढे जी दिव्यांची गर्दी झाली, तिचे एक मूळ या आग्रहात असावे असे मला वाटते. मग महायुद्ध आले. रात्रपाळीच्या व खिडक्या झाकलेल्या कारखान्यांस असा थंड, पसरट प्रकाश हवाच होता. इंग्लंडने १९४० साली त्याकरिता पाच फूट लांबीची ८० वॉटची नळी काढली, आणि तिच्या टोकांस दोन पिनांऐवजी साध्या बल्बासारखी खाचेत फिरवून बसणारी टोपणे लावली. अशा होल्डरांची पाच फुटी पट्टी आपल्या ढिगात सापडली तर ती हातची जाऊ देऊ नये. ती ब्रिटिश घडणीची आणि बहुधा ढिगातील सर्वांत वडीलधारी असते.

आता आपल्याकडील नेहमीची चार फुटी, ४० वॉटची पट्टी घ्या. नळी पेटविण्यास प्रथम विजेचा एक जोराचा धक्का द्यावा लागतो. आणि एकदा पेटली की तीतील प्रवाह बेफाम वाढू नये म्हणून त्यास आवर घालावा लागतो. ही दोन्ही कामे चोक करतो. लोखंडी पत्र्यांच्या थप्पीवर तांब्याची तार गुंडाळून केलेला तो एक जडशीळ ठोकळा. धक्का केव्हा द्यावयाचा हे स्टार्टर ठरवितो. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्टची, ती चार फुटी नळीस अपुरी पडते. म्हणून तेथे दाब वाढविणारी बोजड पेटी आली व १९५२ पासून स्टार्टरवाचून झटपट पेटणाऱ्या जोडण्या रूढ झाल्या. आपला २३० व्होल्टचा दाब मात्र साध्या चोकला पुरेसा होता. त्यामुळे चोक, स्टार्टर व नळी ही त्रयी भारतात पुढे पन्नास वर्षे जवळजवळ जशीच्या तशी टिकली. विनोद उशिरा कळणाऱ्या माणसास ‘ट्यूबलाइट’ म्हणण्याची आपली रीत त्या स्टार्टरच्या लुकलुकण्यातून आली. ती अमेरिकेत जन्मती तर नवल.

परंतु रचना बदलली नाही, यामुळेच वय ओळखणे अवघड होते. पहिली सूचना अशी की, नळीवर मुळीच विश्वास ठेवू नये. ती कितीदा तरी बदललेली असते. जुनी जाड नळी ३८ मिलिमीटर व्यासाची. १९७३ च्या तेलटंचाईनंतर २६ मिलिमीटरची ३६ वॉट नळी निघाली, पण पिनांमधील अंतर तेच ठेवल्यामुळे ती जुन्या पट्टीत बिनतक्रार बसते. खरा साक्षीदार चोक. त्यावरील पत्र्याची चिठ्ठी ओल्या फडक्याने हलकेच पुसावी आणि महसुली कागद वाचावा तशी वाचावी. आवर्तनाचा आकडा ‘सायकल’मध्ये दिला असेल तर चोक जुना, ‘हर्ट्‌झ’ हे नाव १९६० मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेने स्वीकारले व नंतर हळूहळू रुळले. आयएसआयची खूण असेल तर तो १९५२ च्या प्रमाणचिन्ह कायद्याच्या अलीकडचा. सर्वांत बोलका असतो तो कारखान्याचा पत्ता. ‘कलकत्ता-१३’ असा नुसता विभागाचा आकडा असेल तर तो पत्ता पिनकोडपूर्वीचा. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. राज्याचे नाव ‘म्हैसूर’ असेल तर चिठ्ठी बहुधा १९७३ पूर्वीची, कारण त्या वर्षी ते कर्नाटक झाले. मुंबई १९९५, चेन्नई १९९६, कोलकाता २००१, ही नामांतरेही अशीच कामी येतात. अर्थात छापलेल्या चिठ्ठ्या संपेपर्यंत वापरल्या जातात, तेव्हा दोन-चार वर्षे इकडेतिकडे धरावी.

चोकही कोणी बदललेला असेल, हा संशय फेडावयास वायरी पाहाव्यात. रबराच्या वेष्टनावर सुती वीण असलेली वायर जुनी, प्लॅस्टिकची त्यानंतरची. वायर जुनी व चोक नवा असे दिसले तर पट्टी जुनी व चोक मागाहून घातलेला. एकाच पट्टीत दोन नळ्या व त्यांपैकी एकीच्या चोकला कंडेन्सर जोडलेला असेल, तर ती जाणकाराने निवडलेली फिटिंग समजावी. चोकवरची नळी सेकंदास शंभर वेळा मंदावते, त्यामुळे फिरते यंत्र क्वचित स्थिर भासते. दोन्ही नळ्या एकदम मंदावू नयेत एवढ्यासाठी ती युक्ती असे.

ओळख पटल्यावर प्रश्न येतो स्थळ शोधण्याचा, आणि येथे आपल्या वर्गाचे काम सुरू होते. वस्तू कितीही मोलाची वाटली तरी ती उचलून कोणास देता येत नाही. २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांनुसार सक्षम अधिकाऱ्याने ती निरुपयोगी ठरवावी लागते, तिची पुस्तकी किंमत व राखीव किंमत काढावी लागते आणि मग विल्हेवाट लावावी लागते. मात्र ६२ नगांची एकच ओळ न लिहिता चार ओळी लिहिण्यास कोणताही नियम आड येत नाही. एवढे एक केले तरी लिलावात माणसे वेगळी येतात. नळ्या तेवढ्या या व्यवहारातून आधीच बाजूला काढाव्यात. त्यांत पारा असतो, जुन्या जाड नळ्यांत तर आजच्यापेक्षा कित्येक पट. आणि २०१६ च्या ई-कचरा नियमांपासून त्या अधिकृत पुनश्चक्रणकर्त्याकडेच देणे बंधनकारक आहे. जुने, पाझरलेले कंडेन्सरही उघडू नयेत. त्यांतील तेलात पीसीबी नावाचे विषारी द्रव्य असू शकते.

हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही. पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या राष्ट्रांनी २०२३ साली जिनिव्हा येथे ठरविल्याप्रमाणे अशा नळ्यांचे उत्पादन व आयात-निर्यात २०२७ अखेर संपावयाची आहे. नळी मिळेनाशी झाली की पट्टीला घर मिळणे आणखी कठीण.

आमच्या ढिगापैकी चाळीसएक नग भंगारातच गेले. ते तसेच जावयाचे होते. तांब्याचे चांगले चोक असलेले बारा नग एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेने घेतले. विद्युत शाखेच्या मुलांना चोक कापून दाखविण्यास तेथे तसा चोक नव्हता. सहा पट्ट्या लिलावात गावच्या महाराष्ट्र मंडळाने धरल्या. त्यांच्या नाटकात तिसरा अंक जुन्या कचेरीत घडतो. लाकडी पट्टीचे दोन नग एका निवृत्त वायरमनने घेतले. त्यांपैकी एक आपणच बसविला होता, असे त्याने स्क्रू पाहून सांगितले. एक नग अभिलेखकक्षात राहिला. त्याखाली टाचलेल्या कागदावर एवढेच लिहिले आहे: ‘चार फुटी, एक नळी, ४० वॉट. चोकवर ५० सायकल, आयएसआय, कलकत्ता-१३. १९५२ नंतरचा, बहुधा १९७२ पूर्वीचा. वायर मूळची. नळी मूळची नव्हे.’