‘सर, पाणी गेलं!’

खानदेशात लोडशेडिंग ऐन भरात होतं, तेव्हा मी जळगावहून एका फार्मसी कॉलेजात मॉलिक्युलर मॉडेलिंगची प्रॅक्टिकलं घ्यायला जायचो. लाइट जाण्याचं वेळापत्रक पेपरात यायचं. त्यावर विसंबणारा विरळा. यूपीएस होते, पण काम वाचवण्यापेक्षा शिट्ट्याच जास्त मारायचे. ‘सेव्ह केलं का रे?’ हे हजेरीइतकंच रोजचं.

सुरुवातीला आमच्याकडे रेणू पडद्यावर दाखवणारं रासमोल होतं. रॉजर सेल यांनी ते १९९३ साली सर्वांसाठी खुलं केलं. फ्लॉपीत मावायचं, जुनाट मशीनवरही प्रथिन गरगर फिरवायचं. अनडू नव्हतं. ‘राइट स्क्रिप्ट’ म्हटलं, की पडद्यावरचं दृश्य आज्ञांच्या रूपात साध्या टेक्स्ट फाइलीत उतरायचं, एवढीच सोय.

पुढे वॉरन डिलानो यांचं पायमोल आलं. चित्रं देखणी, सोर्सही खुला. पण कंट्रोल-झेडने फार तर एडिट करताना हललेले अणू जागेवर यायचे. उडवलेलं परत मिळत नसे. आणि पोरांची ठरलेली चूक म्हणजे ‘हाइड’च्या जागी ‘रिमूव्ह’. एचआयव्ही प्रोटिएजमध्ये इंडिनॅव्हिर हे औषध बसलेलं असतं, त्या रचनेत पाण्याचा एक रेणू प्रथिनाच्या दोन्ही झडपांना आणि औषधाला जोडून धरतो. दाखवायचा असतो तोच. ‘रिमूव्ह सॉल्व्हेंट’ मारलं की बाकीच्या पाण्याबरोबर तोही साफ. ‘सर, पाणी गेलं!’ अशी आरोळी आली की अख्खी लॅब हसायची. आमच्याकडे पाणी जाणं ही काय बातमी आहे? डिस्कवरची मूळ फाइल शाबूत असायची, रंगरंगोटी मात्र वाया.

सेशन फाइल ठेवली तर शेवटची अवस्था मिळते, चुकीसकट. म्हणून बसल्याबसल्या ‘लॉग_ओपन’ करायला लावायचो. मग प्रत्येक आज्ञा .पीएमएल फाइलीत ओळीने पडत जाते. चुकलं, तर नोटपॅडमध्ये तेवढी ओळ खोडायची आणि बाकीच्या पहिल्यापासून चालवायच्या. कंटाळवाणं, पण लाइट आल्यावर हेच कामी यायचं.

डिलानो २००९ मध्ये अकाली गेले, पायमोल श्रोडिंगर कंपनीकडे आलं. सर्वंकष अनडू-रिडू २०२१च्या २.५ आवृत्तीत मिळालं, तेही पैसे भरणाऱ्यांना. फुकटची आवृत्ती वापरणाऱ्या पोरांचा आधार अजून लॉगच आहे, आणि मला त्यात वावगं वाटत नाही. अनडू तेवढ्या बैठकीपुरतं; .पीएमएल गाइडला मेल करता येते, आणि व्हायव्हात परीक्षकाने ‘हे पाणी का ठेवलं?’ विचारलं, तर ते कुठल्या ओळीत निवडलं हे उघडून दाखवता येतं.