पंक्चर काढायला नकार : ड्रॅग टायरची गोष्ट

आजचा भाग एका खिळ्यापासून सुरू होतो.

माझा एक मित्र आहे, बोईसरचाच. त्याने बाइकसाठी ड्रॅग रेसिंगचा सेकंडहँड टायर घेतला. मागचा, एकदम गुळगुळीत, नक्षी वगैरे काही नाही. पहिल्याच आठवड्यात त्यात खिळा घुसला. आम्ही टायर घेऊन चिल्हार फाट्याच्या रस्त्यावरच्या पंक्चरवाल्या काकांकडे गेलो. मित्र म्हणाला, "काका, ट्यूबलेसची पट्टी मारा ना, पाच मिनिटांचं काम." काकांनी टायरची कड हाताने दाबली, तर ती सहज दुमडली. म्हणाले, "याच्यावर शर्यत लावणार असशील तर मी पट्टी मारणार नाही."

मित्र वैतागला. मी मात्र घरी येऊन वाचत बसलो, कारण आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचं आयुष्य पॅच मारण्यातच जातं. पॅच नको म्हणणारा माणूस पहिल्यांदा भेटला होता!

तर थोडं मागे जाऊ. हवेचा टायर पहिल्यांदा रॉबर्ट थॉमसनने काढला. 1845 साली त्याने पेटंट घेतलं तेव्हा तो फक्त 23 वर्षांचा होता. पण तो टायर चालला नाही आणि लोक विसरूनही गेले. मग 1888 मध्ये बेलफास्टच्या जॉन डनलॉपने, जो खरं तर जनावरांचा डॉक्टर होता, मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी बसवलेल्या हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. या वेळी टायर चालला. पण एक गोची होती. टायर चाकाला चिकटवलेला असायचा. पंक्चर झालं की सोलून काढा, ठिगळ लावा, परत चिकटवा आणि रात्रभर वाळू द्या.

1889 मध्ये फ्रान्समध्ये मिशलँ बंधूंच्या कारखान्यात असाच एक सायकलवाला आला. दुरुस्तीला तीन तास गेले, वर रात्रभर वाळवणं. दुसऱ्या दिवशी थोडं अंतर गेल्यावर टायर पुन्हा बसला! त्यातून त्यांनी सहज काढता येणारा टायर बनवला. 1891 च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यतीत, साधारण 1200 किलोमीटर, तोच टायर लावून शार्ल तेराँ जिंकला. म्हणजे बघा, टायर घरोघरी पोचला तो पंक्चर काढणं सोपं झालं म्हणून.

आता ड्रॅग टायरकडे येऊ. अमेरिकेत 1950 च्या आसपास रिकाम्या धावपट्ट्यांवर पाव मैलाच्या, म्हणजे 402 मीटरच्या शर्यती सुरू झाल्या. आपल्याकडे लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर होतात, तशाच. तेव्हा खास टायर कुठे होते? जुन्या टायरवर गुळगुळीत रबराचा नवा थर चढवायचे. आपल्या भाषेत रिमोल्ड! म्हणजे ड्रॅग टायरचा जन्मच जुगाडातून झाला. पण वेग वाढला तसा तो थर सुटून उडायला लागला. म्हणून 1950 च्या दशकातच खास ड्रॅगसाठी टायर बनायला लागले.

आणि इथेच काकांचं उत्तर सापडतं. हा टायर मुद्दाम पातळ आणि मऊ ठेवतात. हवाही कमी भरतात. गाडी सुटते त्या क्षणी टायरच्या कडेला सुरकुत्या पडतात आणि जास्त रबर रस्त्याला चिकटतं. वेग वाढला की तोच टायर बाहेरच्या बाजूला ताणला जातो. साध्या ट्यूबलेसमध्ये पट्टी टिकते, कारण भोवतालचं जाड रबर तिला आवळून धरतं. इथे रबर पातळ, शिवाय भोक सतत ताणलं जाणार. पट्टी सुटली तर भर वेगात हवा जाणार, तीही मागच्या चाकाची.

काही ड्रॅग टायरमध्ये आत ट्यूब असते. ती बदलता येते. पण खिळ्याने टायरच्या आतले धागे तुटले असतील, तर ट्यूब नवी टाकूनही तो टायर शर्यतीच्या कामाचा राहत नाही.

आणि रोजच्या गाडीचं काय? तिथे पंक्चर बिनधास्त काढा, पण भोक रस्त्याला टेकणाऱ्या भागात असेल आणि साधारण 6 मिलिमीटरपेक्षा मोठं नसेल तरच. टायर रिमवरून उतरवून आतून मशरूम पॅच लावला तर सगळ्यात चांगलं. बाहेरून मारलेली पट्टी घरी पोचण्यापुरती समजा. कडेला भोक असेल तर सरळ नवा टायर.

मित्राने शेवटी तो टायर काढून टाकला. सध्या कंपनीचा साधा टायर लावून कामावर जातो. काकांनी त्या दिवशी एक रुपयाही घेतला नाही. वर म्हणाले, "हवा चेक करायला येत जा."

चला, भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत आज घरी जाताना आपल्या टायरवर एकदा हात फिरवून बघा.