काचबिंदूच्या नळीची कुळकथा

मोतीबिंदूचे किंवा काचबिंदूचे ऑपरेशन आधी झालेले आहे आणि तरीही दाब उतरत नाही, अशा डोळ्यात आज सिलिकॉनची बारीक नळी बसवतात. धार-देवासच्या रुग्णांना या उपचारासाठी इंदूर जवळचे; नळी मात्र फार लांबून आली आहे.

डोळ्यात पाणी सतत तयार होते आणि झिरपून बाहेर जाते. निचरा अडला की दाब वाढतो आणि दृष्टीची नस वाळत जाते; हाच काचबिंदू. पाण्याला नवी वाट द्यायची म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सच्या रोले यांनी घोड्याचा केस वापरला, तर १९१२ मध्ये झोराब यांनी रेशमी धागा. दोन्ही उपाय टिकले नाहीत. १९६८ मध्ये केंब्रिजच्या केर्न्स यांनी ट्रॅबेक्युलेक्टॉमी मांडली. बुबुळाच्या कडेला वाट करून पाणी डोळ्यावरच्या पातळ आवरणाखाली सोडायचे, अशी ही शस्त्रक्रिया. पण त्या आवरणावर आधीच्या ऑपरेशनचे वण असतील, तर वाट पुन्हा बुजते.

त्यावर दक्षिण आफ्रिकेच्या अँथनी मोल्टेनो यांनी मार्ग काढला. वण धरणारच, तर तो रुंद जागेवर धरू द्यावा, म्हणून १९६९ मध्ये त्यांनी नळीला ॲक्रिलिकची चकती जोडली. चकतीभोवती वणाची पिशवी तयार होते, पाणी तिथे साठते आणि हळूहळू शोषले जाते. पुढे त्यांनीच नळी लांब करून चकती मागे नेली. आजची उपकरणे याच कुळातली. बेरव्हेल्ट यांनी चकती ३५० चौरस मिलिमीटरपर्यंत वाढवली. १९९३ मध्ये मतीन अहमद यांची झडपेची नळी आली.

आधी शस्त्रक्रिया झालेल्या २१२ रुग्णांमध्ये दोन्ही उपायांची तुलना केली, तेव्हा पाच वर्षांअखेर ट्रॅबेक्युलेक्टॉमी ४६.९ टक्के, तर बेरव्हेल्ट नळी २९.८ टक्के अयशस्वी ठरली. हे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी मदुराईच्या ऑरोलॅबने बेरव्हेल्टसारखीच नळी सुमारे ५० डॉलरमध्ये आणली. भारतातल्या गरीब रुग्णासाठी या कुळकथेतला हाच सर्वांत मोठा टप्पा.

ऑरोलॅबच्या या नळीला पाणी रोखणारी झडप नाही. म्हणून ती आधी विरघळणाऱ्या टाक्याने बांधतात. चकतीभोवती पिशवी धरली की पाचसहा आठवड्यांत टाका सुटतो. तोवर दाब औषधांनी सांभाळावा लागतो आणि टाका सुटताना दाब एकदम उतरूही शकतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. तेव्हा घरात कुणाला नळी बसवली असेल, तर पुढची एकही तपासणी चुकवू देऊ नका.